चाऱ्याची नोंद

अम्ब्रोसी लोमाइयानं चार सिनेमे केले.
लोकांना दोन आठवतात.
मला न केलेले अकरा तोंडपाठ आहेत,
कारण टाइप मी केले,
तिबिलिसीतल्या स्टुडिओच्या तिसऱ्या मजल्यावर,
'र' अडकणाऱ्या यंत्रावर.

पहिला पुलाचा.
नदीच्या अलीकडे एक मोजणीदार,
पलीकडे एक बाई,
आणि पूल पुरा होईस्तोवर दोघंही म्हातारी.
मॉस्कोहून कागद आला: पूल पहिल्या भागातच पुरा करावा.
मग उरलं काय, म्हणाला,
आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवून
चेरी आणायला गेला.

दुसऱ्यासाठी घोडा घेतला होता.
स्वानेतीहून बर्फातनं नऊ दिवस चालवत आणलेला,
राखाडी, निळ्याकडे झुकणारा,
नाव लुर्जा.
तीन दिवस शूटिंग झालं.
चौथ्या दिवशी वरून विचारणा झाली:
हा घोडा नक्की कोणत्या बाजूचा?
सिनेमा थांबला.
घोड्याची भूक थांबेना.
म्हणून खर्चाच्या वहीत मी दर महिन्याला लिहायची:
चारा. चित्रीकरण चालू.
हिशेबनीस बदलले, संचालक बदलले,
घोडं कुठं अडलंय, कुणी विचारलं नाही.
ते मागच्या अंगणात होतं,
पुठ्ठ्याच्या किल्ल्याशेजारी, तुतीच्या झाडाखाली,
पुठ्ठा खात.
रविवारी मी त्याला म्त्क्वारीवर न्यायची.
आमच्या स्टुडिओत तेवढं एक घोडं न्हालं.

एकदा दुसऱ्या कुणा दिग्दर्शकानं मागून नेला,
लग्नाच्या वरातीत, मागे, गर्दीत,
अर्धा सेकंद.
अम्ब्रोसीनं तो सिनेमा सात वेळा पाहिला,
अंगातला कोट न काढता.
बाहेर येऊन म्हणाला,
ते डावीकडे मान वळवणं
मी शिकवलेलं.

बाकीच्यांचं काय सांगू.
आंधळ्या घड्याळजीचा सिनेमा नटाच्या बायकोनं मोडला,
समुद्राचा, समुद्रानंच.
दोन तर त्यानं मला सांगताना झोपेत सांगितले,
सकाळी नाही म्हणाला.

आईवरचा होता एका ओळीचा:
ती दिवा लावत नाही.
पुढे काही नाही. तीस वर्षं.
कागद पिवळा पडायचा,
मी तीच ओळ नव्या पानावर टाइप करून द्यायची,
तो मन लावून वाचायचा,
जसा काही बदल केलाय मी.

मग तो हिवाळा आला,
वीज नाही, गॅस नाही,
खिडकीत काचेच्या जागी घोंगडी.
त्यानं ट्रंक उघडली.
आधी विनोदी जाळू, म्हणाला, कोरडे असतात.
प्रत्येक पान टाकण्याआधी मोठ्यानं वाचत होता,
सगळ्यांचे आवाज काढत,
बाईचा, मोजणीदाराचा, कस्टमच्या शिपायाचा.
शेजारची झुझुना मुलांना घेऊन आली,
शेगडीसाठी आली होती,
दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकायला आली.
पुलाच्या सिनेमावर चहाचं एक आधण झालं.
शेवटी आईचं पान राहिलं.
विस्तव पुरेसा नव्हता, वाचता येईना,
त्याला काही वाचायची गरज नव्हती म्हणा.
घडी करून खिशात घातलं.
त्याच कोटाच्या.

परवा विद्यापीठातला एक पोरगा आला,
हातात रेकॉर्डर, कानात बाळी,
म्हणे, न झालेल्या चित्रपटांची यादी हवी.
मी सांगत गेले.
त्यानं एकच प्रश्न धड विचारला,
घोड्याचं काय झालं?

मार्चमध्ये गेला, म्हटलं, झोपेतच, तुतीला पालवी फुटायच्या आधी.
मी कुणाला कळवलं नाही.
एप्रिलचा चारा काढला, मेचाही,
दोन वर्षं काढत राहिले,
सही ओळखीची झाली होती, कुणी बघेना.
त्या पैशात कागद यायचा,
चांगला, जाड, फिनलंडचा,
त्याच्या त्या एका ओळीसाठी.

पोरग्यानं रेकॉर्डर बंद केला.
हे लिहू का, विचारलं.
लिही, म्हटलं,
पण चित्रीकरण चालू असं लिही.